दोन लाटांमागे एक

माझ्याकडे एक तपकिरी डबी आहे. तिला एका वेळी एकच सूर कळतो.

बॉस कंपनीचं ओसी-२ हे ऑक्टेव्ह पेडल, म्हणजे गिटार आणि स्पीकरच्या मध्ये जोडायची, पायाने चालू करायची डबी, १९८२ साली निघालं आणि २००३ मध्ये बंद झालं. माझं सेकंडहँड, टवके उडालेलं. गिटारवर सूर वाजवला की हे त्याचा खालच्या सप्तकातला भाऊ हजर करतं. आणखी एक नॉब फिरवला, तर त्याच्याही खालचा. गाणारे लोक खर्ज लावायला पहाटे उठतात. मी बसल्या जागी पायाने बटण दाबतो. थोडी लाज वाटते, नाही असं नाही.

आत कॉम्प्युटर वगैरे काही नाही. तारेकडून आलेल्या लाटा मोजायच्या आणि दर दोन लाटांमागे आपली एक काढायची, एवढाच उद्योग. ११० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ११० लाटांचा, ए हा सूर छेडला की खाली ५५चा घुमतो. सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ८२चे ४१ होतात, म्हणजे बेस गिटारची सर्वात जाड तार. माझ्या आठ इंची स्पीकरला ते पेलवत नाही, बिचारा नुसता खाकरतो.

पण मोजणाऱ्याला गोंधळ खपत नाही. दोन तारा एकदम वाजल्या की हिशेब चुकतो आणि गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले अनेक सूर, तर विसराच, शेजारची तार नकळत हलली तरी पुरे. माझा हात स्वच्छ आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो! आता गिटारच्या मानेकडचा पिकअप (तारांची थरथर टिपणारं चुंबक) लावतो, आवाजाची धार कमी करणारा टोनचा नॉब पार उतरवतो, मानेवरच्या सातव्या ते बाराव्या फ्रेटच्या (आडव्या पट्टीच्या) आसपास राहतो, बाकीच्या तारा तळहाताने दाबून ठेवतो. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटका करणारं पेडल, लावायचं तर या डबीच्या नंतर; आधी लावलं की मोजणी बिघडते.

मूळ आवाजाचा नॉब शून्यावर आणला की गिटार नाहीशीच होते. उरतो तो जुन्या सिंथेसायझरसारखा जाडाभरडा खर्ज. अर्धा-अर्धा तास मी तेवढाच वाजवत बसतो. सूर विझत आला की मोजण्याजोगी लाट उरत नाही. मग तो हळूहळू विरत नाही, फुरफुरतो आणि तुटतो.

"बंद पडलं का रे?" आई आतून विचारते. दर वेळी. आवाजात जरा आशा असते.