हेळव्याच्या वहीतली आमची भावकी

वंशावळ काढायचं खूळ आमच्या घरात माझ्याच डोक्यात शिरलं, बाकीच्यांना काय पडलेलं नव्हतं. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये कामाला, त्यांचे वडील अक्कलकोट तालुक्यातल्या गावातनं सोलापूरला आलेले, बास, याच्या मागचं विचारलं की सगळे गप्प.

आधी कागदं बघितली. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरनं कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, आणि कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर. बरंचसं मोडी लिपीत, आणि 2023 ला कुणबी नोंदी शोधायचं सुरू झाल्यापासनं मोडी वाचणाऱ्यांना लई भाव आलाय, पटकन कुणी मिळत नाही. मिळाला तरी नावं कशी, तर रामा बिन सखाराम, म्हणजे सखारामाचा पोरगा रामा, बायको असली तर अमुक कोम रामा, म्हणजे रामाची बायको, आडनावाचा पत्ताच नाही, आता गावात दोन रामा बिन सखाराम असले तर आपला कुठला हे कसं ठरवायचं? त्यातल्या त्यात वारसाचा फेरफार कामाचा, माणूस गेला की मागं कोण कोण राहिलं ते त्यात येतं. पण ज्याला जमीनच नाही त्याचा फेरफार कुठला निघणार. तिथंच आमचं अडलं.

मग गावातल्या चुलत्यांनी सांगितलं, थांब की, सुगी झाली की हेळवी येतोय. आमच्या या कानडी सीमेकडच्या गावांत हेळवी, म्हणजे घराण्यांची वंशावळ राखणारे, माहीत असतात, पूर्वी बैलावर बसून यायचे, घराघराची पिढी म्हणून दाखवायचे आणि धान्य, पैसे, कापड घेऊन पुढच्या गावाला जायचे. आता आमचा हेळवी मोटरसायकलवर येतो. वही कानडीत. त्यानं पान काढलं आणि पाढे म्हटल्यासारखी नावं सुरू केली, माझ्या वडलांच्या नावापर्यंत आला आणि मग विचारतो, तुमचं नाव घालू का. घाल म्हटलं, त्याचे पैसे वेगळे!

त्याच पानावर खापरपणजोबाचा धाकटा भाऊ निघाला, आळंदला गेलेला. (आळंदी नव्हे, गुलबर्ग्याकडचं आळंद.) तेव्हा अक्कलकोट संस्थान आणि आळंद निजामाचं, पण माणसं शेताकामाला, पोरी द्यायला-घ्यायला इकडनं तिकडं जातच होती. पुढं 1956 ला भाषेप्रमाणं नवी राज्यं केली, गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, म्हणजे आताच्या कर्नाटकात, तिकडची पोरं कानडी शाळेत गेली आणि दोन पिढ्यांत येणं-जाणं बंद. भांडण नाही, तंटा नाही. मला हेच सगळ्यात विचित्र वाटतं.

आळंदला आम्ही जाऊन आलो. कुलदैवत तुळजाभवानी, देवकही तेच, त्यामुळं शंकेला जागा राहिली नाही. घरात सगळे कानडी बोलतात, फक्त म्हाताऱ्या अक्कांचं मराठी अजून शाबूत, ते पण आपल्याकडं आता कुणी बोलत नाही असलं जुनं. त्यांचा नातू माझ्यापेक्षा लहान पण पिढी मोजली तर माझा काका लागतो, मी त्याला काका म्हणतोय आणि तो मला अण्णा म्हणतोय, जाऊ दे.

शोधणं जमलं, पण भावकी सापडली की भावकीचं सगळंच मागनं येतं हे कुणी सांगत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, त्यावर रोज कानडीत गुड मॉर्निंग, लग्नाच्या पत्रिका, प्रत्येकीला आहेर आलाच. आणि ऐन सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर तिकडचे एक आजोबा गेल्याचा मेसेज. आम्ही कुणी त्यांना बघितलेलं पण नाही. आईनं पहिला प्रश्न विचारला, सुतक आपल्याला लागतं का? गुरुजी म्हणाले, भावकी आहे म्हटल्यावर लागणार, दहा दिवसांच्या आत कळलंय तर उरलेले दिवस धरा. आईनं देवघराचा पडदा ओढला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, अजून शोध.