तुम्ही विचारलंत म्हणून: व्होल्टेज दिलं तर चुंबकत्व का उलटत नाही?

बिस्मथ फेराइट (बिस्मथ, लोखंड आणि ऑक्सिजनचं संयुग) हाती घेणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. पदार्थ फेरोइलेक्ट्रिक आहे, म्हणजे त्यात विद्युतक्षेत्राने उलटवता येणारं कायमचं विद्युत ध्रुवीकरण आहे; चुंबकीयही आहे, मग विद्युतक्षेत्र लावून स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनची इवली चुंबकं, का वळवता येत नाहीत?

कारण हे दोन गुण वेगवेगळ्या अणूंचे आहेत. बिस्मथच्या ६एस कक्षेतली इलेक्ट्रॉन-जोडी त्याला मध्यापासून ढकलते आणि स्फटिकाच्या घनाकार एककाच्या कर्णाच्या दिशेने ध्रुवीकरण येतं, चांगल्या नमुन्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० मायक्रोकूलॉम. चुंबकत्व येतं लोखंडाच्या अर्ध्या भरलेल्या डी-कक्षेतून. विद्युतक्रम सुमारे ११०० केल्व्हिनपर्यंत टिकतो, चुंबकीय क्रम ६४० च्या आसपास संपतो. एवढ्या अंतरावरूनच कळतं की नातं सैल आहे.

तरी नातं आहे, आणि ते स्फटिकरचनेतून जातं. लोखंडाभोवतीचे ऑक्सिजनचे अष्टफलक कर्णाभोवती आळीपाळीने उलटसुलट फिरलेले असतात. त्यामुळे लोखंड-ऑक्सिजन-लोखंड बंध सरळ राहत नाही आणि विरुद्ध दिशेचे स्पिन किंचित तिरके होतात. ध्रुवीकरण थेट १८० अंशांत उलटलं तर स्पिनचं प्रतल जागचं हलत नाही. ७१ किंवा १०९ अंशांत वळलं तर कर्णच बदलतो आणि प्रतलही त्याच्यामागे जातं. पण जाड ठोकळ्यात हे स्पिन एका जागेवरून पुढच्या जागेवर थोडे थोडे वळत ६२ नॅनोमीटरला एक आवर्तन पूर्ण करतात, तिरकेपणातून आलेलं चुंबकत्व आपसात कटतं, मॅग्नेटोमीटरला दिसायला काही उरत नाही. ताण दिलेल्या पातळ थरात हे आवर्तन मोडता येतं. म्हणून या प्रयोगांना थरच हवेत.

टर्बियम मँगनाइट या दुसऱ्या चुंबकीय-फेरोइलेक्ट्रिक ऑक्साइडची गोष्ट उलटी. तिथे ध्रुवीकरण स्पिनच्या चक्राकार रचनेतूनच जन्मतं, म्हणून काही टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्राने ते स्फटिकाच्या सी-अक्षावरून ए-अक्षावर वळतं. २००३ मध्ये हे दिसलं तेव्हा या विषयातल्या सगळ्या संशोधनाला नवी उभारी मिळाली. पण हे २८ केल्व्हिनखाली, आणि ध्रुवीकरण बिस्मथ फेराइटच्या हजारपट कमी. घट्ट नातं हवं असेल तर आज तरी ही किंमत मोजावी लागते.

आता उरली विद्युतप्रवाहाची गळती, जी प्रत्यक्षात सगळ्यात जास्त छळते. दहा ग्रॅम बिस्मथ फेराइटसाठी ७.४५ ग्रॅम बिस्मथ ऑक्साइड आणि २.५५ ग्रॅम फेरिक ऑक्साइड लागतं. बिस्मथ ऑक्साइड ८१७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि भट्टीत उडतं. ते कमी पडलं की एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या चाचणीत) २७ ते ३० अंशांच्या पट्ट्यात लोखंड जास्त असलेल्या वेगळ्या संयुगाची शिखरं उगवतात, शिवाय ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा तयार होतात. मग थोडं लोखंड तीनऐवजी दोन धनभारांवर येतं, इलेक्ट्रॉन एका लोखंडावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, गळती वाढते आणि हिस्टेरेसिस वळण (विद्युतक्षेत्र मागेपुढे बदलताना ध्रुवीकरणाचा येणारा आलेख) फुगीर, गोल टोकांचं दिसतं. ते ध्रुवीकरण नव्हे, तो गळणारा प्रवाह आहे. खात्री करायची तर एकाच दिशेच्या दोन स्पंदांचा प्रतिसाद मोजा: पहिल्यातून दुसरा वजा केल्यावर उरतं तेवढंच खरं वळलेलं ध्रुवीकरण. त्याआधी ध्रुवीकरणाची चुंबकत्वाशी जोडणी शोधण्यात वेळ घालवू नका.