पोहण्याच्या तलावासाठी हीट एक्स्चेंजर निवडताना: खानदेशातला हिवाळा आणि बोअरचं पाणी

डिसेंबरात जळगावला पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. उघड्या तलावातलं पाणी १९-२० अंशांवर जाऊन बसतं. सकाळच्या बॅचला मुलं पाण्यात उतरायला हवी असतील, तर ते २८ अंशांवर आणावं लागतं. आमचा तलाव १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.३ मीटर खोल, म्हणजे ९४ घनमीटर पाणी. उष्णतेसाठी पराट्यांच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) ब्रिकेटवर, म्हणजे दाबून केलेल्या ठोकळ्यांवर, चालणारा गरम पाण्याचा बॉयलर. बॉयलरचं पाणी आणि तलावाचं पाणी एकमेकांत न मिसळता उष्णता इकडून तिकडे जायची, म्हणून मधे एक्स्चेंजर.

दुकानात जाण्याआधी मी किलोवॅट काढले. एक घनमीटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ युनिट लागतात. ९४ घनमीटरला १ अंशासाठी १०९ युनिट, २० वरून २८ वर न्यायला सुमारे ८७० युनिट. आठवड्यातला एक दिवस तलाव बंद असतो. त्या २४ तासांत पाणी तापवून घ्यायचं तर ३६ किलोवॅट. वर उष्णतेची गळती वेगळी. उघडा पृष्ठभाग ७२ चौरस मीटर. थंड, कोरड्या रात्री दर चौरस मीटरमागे ३०० वॅट धरले की २२ किलोवॅट. बेरीज ५८, म्हणून ६० धरले. दोन दिवसांत तापलं तरी चालत असेल, तर हाच आकडा ४० वर येतो. किती तासांत तापवायचं हे आधी ठरवलं नाही, तर विक्रेता सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो.

याच टप्प्यावर आच्छादनाचा खर्च मंजूर करून घ्या. उघड्या तलावाची उष्णता मुख्यतः बाष्पीभवनात जाते: उडणारा प्रत्येक लिटर सुमारे ०.६८ युनिट सोबत घेऊन जातो. आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी, त्यामुळे हा मार्ग आणखी मोकळा. रात्री तरंगतं आच्छादन घातलं की गळती निम्म्याहून कमी होते. इंधनाच्या भाषेत सांगायचं तर ८ अंश वाढवायला, बॉयलरची कार्यक्षमता ६५ टक्के धरून, ३३० ते ३४० किलो ब्रिकेट लागतात. १९ किलोच्या गॅस सिलिंडरवर, गॅस बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरून, तेच काम सव्वाचार सिलिंडरचं. आच्छादनाशिवाय रोज रात्री याचा मोठा हिस्सा हवेत जातो.

आता मुख्य मुद्दा. एक्स्चेंजरच्या पाटीवर ‘६० किलोवॅट’ लिहिलेलं असतं, पण तो आकडा बहुतेक वेळा गरम बाजूला ८० ते ९० अंशांचं पाणी धरून दिलेला असतो. आमच्या बॉयलरचं पाणी ८० अंशांनी आत जाऊन ६५ अंशांनी परत येतं. तलावाचं पाणी २८ अंशांनी शिरून सुमारे ३१ अंशांनी बाहेर पडतं. दोन्ही बाजूंमधला सरासरी फरक जवळजवळ ४३ अंश. हाच एक्स्चेंजर सौर पॅनल किंवा हीट पंपाच्या ५० अंशांच्या पाण्यावर लावला आणि ते ४५ ने परत आलं, तर सरासरी फरक उरतो १८. उष्णता त्या फरकाच्या प्रमाणात जाते, म्हणून तेवढेच ६० किलोवॅट हवे असतील तर पृष्ठभाग साधारण २.४ पट लागतो. चौरस मीटरला, अंशाला १००० वॅट असा उष्णता-वहनाचा दर धरला, तर पहिल्या परिस्थितीत १.४ चौरस मीटर पुरतात, दुसरीत ३.३ लागतात. गरम बाजूचा प्रवाहही ताशी ३.४ घनमीटरवरून १०.३ वर जातो, म्हणजे पंप आणि पाइप दोन्ही मोठे. त्यामुळे कोटेशनवर तीन गोष्टी लिहून घ्या: गरम पाणी किती अंशांनी येतं व जातं, तलावाचं पाणी किती अंशांचं, आणि दोन्हीकडचा प्रवाह. त्याशिवायचा किलोवॅटचा आकडा हिशेबात धरू नका.

दोन्ही पाण्यांचा प्रवाह उलट्या दिशांनी जोडला की एकाच दिशेने, यावर फिटर बराच वाद घालतात. तलावाचं पाणी फक्त ३ अंशांनी तापत असल्याने इथे फरक एक-दोन टक्क्यांचाच पडतो.

प्रकार निवडताना प्लेटचा एक्स्चेंजर आधी डोळ्यांत भरतो, कारण लहान जागेत भरपूर पृष्ठभाग मिळतो. पण प्लेटांमधली फट काही मिलिमीटरचीच. आमचं तलावाचं पाणी सहा तासांत एकदा फिरतं, म्हणजे ताशी सुमारे १६ घनमीटर. तेवढं सगळं त्या फटींतून न्यायचं तर पाण्याचा दाब खूप घटतो, आणि फिल्टरमधून निसटलेले केस व वाळू तिथेच अडकतात. प्लेटचा घ्यायचाच असेल तर वेगळा पंप आणि जाळी लावून थोडं पाणी त्यातून फिरवावं लागतं, आणि तो गॅस्केटचा (प्लेटांमधे रबरी पट्ट्या असलेला), उघडून धुता येणारा हवा. तांब्याने ब्रेझिंग केलेला (प्लेटा तांबं वितळवून कायमच्या जोडलेला) तर क्लोरीनच्या पाण्यात नकोच: तांबं विरघळतं आणि भिंतींवर हिरवट डाग येतात. मी शेल-अँड-ट्यूब, म्हणजे मोठ्या नळकांड्यात नळ्या बसवलेला, निवडला. मार्ग मोठा, दाब फारसा घटत नाही, आणि बायपासवरच्या (एक्स्चेंजरला वळसा घालणाऱ्या पाइपवरच्या) व्हॉल्व्हने प्रवाह जुळवता येतो.

धातूचा निर्णय पाणी तपासल्याशिवाय घेऊ नका. आणि नमुना बोअरचा नको, तलावाचा हवा. कारण साधं आहे. मे महिन्यात रोज १ सेंटीमीटर पाणी उडालं, तर ७२ चौरस मीटरवर ७२० लिटर होतात. महिन्याला २१,६०० लिटर, म्हणजे तलावाच्या जवळपास चौथा हिस्सा. उडतं ते नुसतं पाणी. क्षार आणि क्लोराइड मागेच राहतात आणि भर पुन्हा बोअरच्या कठीण (क्षारांच्या) पाण्याचीच पडते. ऑक्टोबरात तलावातलं पाणी बोअरपेक्षा बरंच जड झालेलं असतं. क्लोराइड कमी असेल आणि पीएच ७.२ ते ७.६ मध्ये राहत असेल तर ३१६ एल स्टेनलेस चालतं. मर्यादा मेकरच्या तक्त्यात तापमानासह पाहा. ३०४ प्रतीचं स्टेनलेस घेऊ नका. मिठावर चालणारा क्लोरिनेटर असेल तर थेट टायटॅनियम. तिथे लिटरला ३.५ ग्रॅम मीठ म्हणजे सुमारे २१०० मिलिग्रॅम क्लोराइड होतं, आणि त्यात स्टेनलेसला बारीक छिद्रं पडतात. टायटॅनियम महाग पडतं, पण छिद्र पडून बॉयलरचं पाणी तलावात मिसळण्यापेक्षा ते परवडतं.

क्षाराचा थर हा आपल्याकडचा नेहमीचा त्रास. कॅल्शियम कार्बोनेट गरम पृष्ठभागावर आधी बसतं. वर धरलेल्या १००० वॅटच्या दरात १ मिमी थराने एक तृतीयांश क्षमता जाते. म्हणून पृष्ठभाग हिशेबापेक्षा २० ते २५ टक्के जास्त घेतला आणि पाणी आत-बाहेर नेणाऱ्या चारही पाइपांवर तापमापी बसवले. पूर्वी ६५ ने परतणारं बॉयलरचं पाणी त्याच प्रवाहात ७० ने परतायला लागलं, की थर बसला. मग व्हॉल्व्ह बंद करून सल्फॅमिक ॲसिडचं ५ टक्के द्रावण छोट्या पंपाने तास-दोन तास फिरवायचं, शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं. स्टेनलेसमध्ये साधं हायड्रोक्लोरिक ॲसिड कधीही घालू नका.

जोडणीचा क्रम पंप, फिल्टर, एक्स्चेंजर आणि त्यानंतर क्लोरीन. ट्रायक्लोर (क्लोरीनच्या) गोळ्यांचा डबा एक्स्चेंजरच्या आधी असेल, तर त्याचं आम्लयुक्त पाणी थेट नळ्यांवर जातं. पुढे असला तरी पंप थांबल्यावर ते उलटं येऊ नये म्हणून मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा.

सर्वांत जपण्याची जागा वीज जाण्याची. गॅस बर्नर लगेच विझतो, ब्रिकेटची आग विझत नाही. पंप थांबला की बॉयलरमधलं पाणी उकळायला लागतं, आणि एक्स्चेंजरमधलं साचलेलं पाणी ७०-८० अंशांवर जाऊन पुढचा यूपीव्हीसी पाइप मऊ पडतो. त्याची मर्यादा साधारण ६० अंश. बॉयलरवर उंचावर उघडी विस्तार-टाकी (फुगलेलं पाणी आणि वाफ जायला) ठेवा, तिच्याकडे जाणाऱ्या पाइपवर व्हॉल्व्ह टाकू नका. तलावाच्या बाजूला फ्लो स्विच लावा: तलावाचा पंप चालू असेल तरच बॉयलरचा फिरता पंप चालेल. एक्स्चेंजरच्या दोन्ही तोंडांशी एक-एक मीटर सीपीव्हीसी (जास्त उष्णता सोसणारा) पाइप वापरा. थर्मोस्टॅटचा सेन्सर एक्स्चेंजरच्या आधी बसवा. नंतर बसवला तर तो ३ अंश जास्त वाचतो आणि तलाव २५ वर असतानाच २८ समजून तापवणं बंद करतो.

फेब्रुवारी सरला की तापवण्याची गरज उरत नाही. त्या वेळी बायपास उघडून एक्स्चेंजर बंद करा, साध्या पाण्याने धुऊन पूर्ण रिकामा करा. आत साचून राहिलेलं क्लोरीनचं पाणी मे महिन्याच्या उन्हात स्टेनलेसला जे करतं, ते चार महिने चालवूनही होत नाही.