टीबी, बाळंतिणीची खोली आणि बंद खिडकी

मी नाशिकला सातपूर भागात आशा म्हणून काम करते. लसीकरण, गरोदर बायांच्या नोंदी, टीबीच्या पेशंटच्या गोळ्या असं सगळंच आमच्याकडे असतं, त्यामुळे टीबी काय मला नवीन नाही. पण जानेवारीतली ही केस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय.

श्रमिकनगरकडची पत्र्याची दोन खोल्यांची जागा. नवरा अंबड एमआयडीसीत कंत्राटी कामाला, बाळ चार महिन्यांचं, मुलगी. बाळाची आई दिवाळीपासून खोकत होती, घरच्यांना वाटलं गारठा बाधला, मग रोज संध्याकाळी कणकण यायला लागली, वजन उतरत उतरत ४१ किलोवर आलं तेव्हा कुठे बेडका तपासला आणि टीबी निघाला. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत अंगात दबलेला टीबी वर यायची शक्यता जास्त असते, पण बाळंतिणीला अशक्तपणा असायचाच असं धरून चालतात सगळे. गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, म्हणून घरी जाऊन बघायला मला सांगितलं होतं.

गेले तर बाळ आजीच्या मांडीवर रडून रडून लालबुंद झालेलं आणि तोंडात बाटली. पावडरचा डबा परवडत नाही म्हणून दूध इतकं पातळ केलेलं की नुसतं पांढरं पाणी. आई आतल्या खोलीत पडद्यामागे. कुणा खासगी डॉक्टरने सांगितलं होतं म्हणे, दूध तोडा, बाळाला आईपासून लांब ठेवा. तिचा ब्लाऊज पुढून सगळा भिजलेला, छाती दगडासारखी दाटलेली, हात लावू देईना. म्हणाली, "ताई, तिकडं ती रडायला लागली की इकडं मला पान्हा फुटतो, मी काय करू सांगा." वर लघवी लाल होतेय म्हणून घाबरलेली, तिला वाटत होतं रक्तच जातंय आणि हेच विष दुधातून पोरीला जाणार. तो लाल रंग रिफाम्पिसिनच्या गोळीचा असतो, रक्त नसतं, एवढं तरी गोळ्या देताना कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

आणि त्या खोलीला एकच खिडकी, तिच्या फटीत जुनी साडी कोंबलेली. बाळंतिणीला वारा लागू नये आणि नाशिकची थंडी, मला कळतं, पण टीबीचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि अशा कोंदट खोलीत तासन् तास तसेच राहतात. पहिलं काम मी ती साडी ओढून काढायचं केलं, मग बोलायला बसले.

सासूबाईंना म्हटलं, मावशी, टीबी दुधातून जात नाही, तो जातो श्वासातून. गोळ्यांचा अंश दुधात उतरतो तो अगदी थोडा, त्याने बाळाला अपाय नाही. आईने मास्क लावून पाजायचं, खोकला आला की तोंड बाजूला वळवायचं, खिडकी उघडी, बाळाला टोपडं आणि दुपटं. गोळ्या नीट चालू असल्या की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायचा धोका बराच कमी होतो, तरी डॉक्टर सांगतील तोवर मास्क काढायचा नाही. मावशींनी बाळाच्या डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण दाखवला, म्हणे लस तर दिलीय ना मग कशाला भ्यायचं. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून वाचवते हो, पण लागणच होणार नाही असं नसतं, म्हणून बाळाला तपासायचंच. शेवटी आमच्या मेडिकल ऑफिसर मॅडमना फोन लावून स्पीकरवर टाकलं, त्यांनी हेच सगळं सांगितलं तेव्हा कुठे मावशी जरा नरमल्या.

मावशींना मी दोष देत नाही. त्यांचा सख्खा भाऊ टीबीने गेलेला, त्याची भांडीसुद्धा वेगळी ठेवायचे म्हणाल्या. त्या नातीला जिवापाड जपतच होत्या.

गरम पाण्याच्या फडक्याने शेकून, थोडं दूध हाताने काढून टाकल्यावर मग छाती मऊ झाली, मास्क लावला आणि बाळाला जवळ दिलं. दोन-चार वेळा तोंड फिरवलं पोरीने, मग धरलं एकदाचं. तेवढ्या वेळात बाहेरच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतोय, थांबायचं नावच नाही. सासरे. विचारलं तर म्हणे बिडीचा खोकला आहे जुना, पावसाळ्यापासून जरा वाढलाय. रात्री बाळ कुणाजवळ झोपतं विचारलं तर म्हणे आजोबांच्या कुशीत, आईजवळ नको म्हणून!

मला खरंच धस्स झालं. आईला निदान औषध चालू झालेलं, आणि जे माणूस तपासलेलंच नाही त्याच्या छातीशी लेकरू झोपवत होते. त्याच दिवशी आजोबांचा बेडका घ्यायला डबी दिली, नवऱ्याला आणि मावशींनाही तपासायला पाठवलं. आजोबांचा रिपोर्ट टीबीचा आला. कुणाचा कुणाला लागला ते आता कोण सांगणार, पण घरात एक पेशंट निघाला की बाकी सगळ्यांना तपासायचं ते याच्यासाठी. नवऱ्याचं आणि मावशींचं निगेटिव्ह आलं.

बाळाला सिव्हिलला दाखवलं, एक्सरे झाला, टीबी नाही. पण पुढे होऊ नये म्हणून आयसोनियाझिड सहा महिने द्यायचं ठरलं, किलोमागे १० मिलिग्रॅमच्या हिशोबाने, गोळी पाण्यात विरघळवून चमच्याने. हे काम आता मावशी करतात, कॅलेंडरवर रोज फुली मारतात.

पोषणाचे पैसे मात्र अडकलेत. महिन्याला १००० रुपये मिळतात टीबीच्या पेशंटला, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते, पण हिचं खातं माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने, त्यामुळे जमा होत नाहीत, आणि अंडी, डाळ, शेंगदाणे याच दिवसांत लागतात तिला. सोमवारी तिला घेऊन बँकेत जाणार आहे, नाव दुरुस्त करून घ्यायचं आणि येताना बाळाचं वजन करायचं, पोरीने बाळसं धरलंय त्यामुळे गोळीचा डोस मॅडमना विचारून बदलून घ्यावा लागेल.