आमची वाटचाल: किनारा, करडा रंग आणि भिंत

किनाऱ्याचे रंगीत फोटो विकणं सोपं असतं. निळं पाणी, केशरी सूर्यास्त दिसला की माणूस थांबतोच. आमचा धंदाही तसाच सुरू झाला. पण वर्षा-दोन वर्षांनी जुने ग्राहक भेटले की कळायचं, भिंतीला नवा रंग लागला, सोफा बदलला आणि आमचा सूर्यास्त बैठकीतून जिन्याखाली गेला. अधूनमधून केलेले कृष्णधवल फोटो मात्र होते तिथेच होते. मग आम्ही ठरवलं, यापुढे फक्त कृष्णधवल किनारा, आणि तोही फ्रेम करूनच द्यायचा. फोटो आणि छपाई माझ्याकडे, फ्रेमचं काम धाकट्या भावाकडे.

किनारा कृष्णधवलसाठीच आहे, असं मला मनापासून वाटतं. कोरडी वाळू उजळ, तीच भिजली की गडद. फेस पांढरा, पाणी करडं. ओहोटीनंतर वाळूवर उमटलेल्या लहरी भर दुपारी दिसतसुद्धा नाहीत. सूर्य कलला की एकेकीला सावली फुटते आणि सपाट पुळणीला उठाव येतो.

एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची प्रकाश कमी करणारी गडद काच, हाती आल्यावर सुरुवातीला प्रत्येक लाटेचं धुकं करायचा मोह होतोच. एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे दहा स्टॉपच्या फिल्टरने तो सुमारे हजारपट कमी होतो, 1/60 सेकंदाचं एक्सपोजर (शटर उघडं राहण्याचा वेळ) 17 सेकंदांवर जातं आणि समुद्र दुधासारखा गुळगुळीत होतो. मला आता अर्ध्या सेकंदाच्या आसपासचं एक्सपोजर जास्त आवडतं. परतणाऱ्या पाण्याचे पांढरे धागे त्यात टिकतात, पाणी कुठून कुठे गेलं ते दिसतं. आकाश आणि पाणी एकत्र साधणं आजही अवघड आहे. 1850च्या दशकात फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांच्यापुढे हाच पेच होता. तेव्हाच्या काचेच्या प्लेटवर आकाश पार जळून जायचं, म्हणून ते समुद्राची आणि ढगांची वेगळी निगेटिव्ह घेऊन क्षितिजरेषेवर जोडत. ते प्रिंट पाहून मला अजूनही काम करायची उमेद येते.

खरं वळण आलं ते छपाईमुळे. आधी प्रिंट बाहेरून करून घ्यायचो. तिथला करडा रंग ट्यूबलाइटखाली हिरवट दिसायचा आणि खिडकीपाशी नेला की गुलाबी, कारण तो रंगीत शाई मिसळून केलेला असायचा. शेवटी करड्या शाईच्या वेगवेगळ्या छटा असलेला प्रिंटर आम्हीच घेतला. त्या खर्चाने बरेच दिवस ओढाताण झाली, पण त्यानंतर रंगाची तक्रार आली नाही. धुक्याचे, शांत फोटो मॅट कॉटन कागदावर काढतो. वादळी फोटोला बरायटा, म्हणजे बेरियम सल्फेटचा थर दिलेला किंचित चमकदार कागद, कारण त्यावर काळा रंग जास्त खोल उतरतो.

फ्रेमिंगमध्ये भाऊ माझं काही ऐकत नाही, आणि ते बरंच आहे. माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लमुक्तच हवा, हे त्याचं पहिलं म्हणणं. दुसरं, माउंट फोटोतल्या फेसापेक्षा पांढरा नको. शुभ्र माउंट लावला की शेजारी फेस मळकट दिसतो. म्हणून तो प्रिंटशेजारी माउंटचे तुकडे ठेवून दिवसाउजेडी बघतो, मगच कापतो. प्रिंट फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या पट्ट्यांनी टांगतो, म्हणजे दमट हवेत कागद फुगला तरी सुरकुती पडत नाही. काच आणि फोटो यांत अंतर ठेवतो, नाहीतर ओल धरून फोटो काचेला चिकटतो.

एका गोष्टीचा आग्रह आम्ही दोघेही धरतो. समोर खिडकी असेल तर साधी काच नको. गडद लाटेवर साधी काच लावली की तिचा आरसाच होतो. आणि फ्रेम दोन हुकांवर टांगा. क्षितिज जरासं कललं तरी डोळ्याला ते रोज खुपतं.

सध्या एकच किनारा तीन फ्रेममध्ये विभागण्याचं काम चालू आहे. क्षितिजरेषा तिन्हींतून सलग जायला हवी, आणि मधल्या फटींमुळे ती तुटल्यासारखी वाटते. मी फटींएवढा भाग प्रत्यक्ष फोटोतूनच वगळून पाहिला. भावाच्या मते अजून जमलेलं नाही, त्यामुळे याच्या ऑर्डर आम्ही घेत नाही.