पहिला इलेक्ट्रिक अपराइट बेस निवडताना

सात वर्षे बेस गिटार वाजवल्यावर मला डबल बेसची, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातल्या उभ्या, भल्यामोठ्या वाद्याची ओढ लागली आणि ती काही केल्या जाईना. खरा डबल बेस घेणे मात्र दोन कारणांनी शक्य नव्हते. एक तर त्याची किंमत, आणि दुसरे म्हणजे मला सरावाला वेळ मिळतो तो रात्री दहानंतर. पोकळ लाकडी पेटीतून उठणारा खर्ज भिंतींना जुमानत नाही. त्यामुळे भरीव किंवा अर्धपोकळ अंगाचा, हेडफोन लावून वाजवता येईल असा इलेक्ट्रिक अपराइट बेस हाच मार्ग उरला. तो निवडायला मला जवळजवळ पाच महिने लागले, आणि त्यातले पहिले दोन मी चुकीच्या गोष्टी पाहण्यात घालवले.

मी आधी पाहत होते ते पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) कोणता, बटणे किती, हेडफोनची सोय आहे की नाही, एवढेच. बेस गिटार घेताना हेच पाहायची सवय होती. या निकषांवर मला पहिल्याच महिन्यात एक नवा बेस फार आवडला. तो हलका होता, तिपाईवर उभा राहत होता आणि अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, जोडताच भरदार वाजत होता. त्याच्या तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर, माझ्या बेस गिटारइतकीच होती, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून स्वर सुरात लागत होते. मी बयाणा देण्याच्या बेतात होते. त्याच सुमारास ज्यांच्याकडे डबल बेस शिकायला जाणार होते त्या सरांना त्याचे फोटो दाखवले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “हा घेतलात तर तुम्हाला हाच येईल, डबल बेस येणार नाही.”

त्यांचे म्हणणे मी घरी येऊन मोजपट्टीने ताडून पाहिले. नेहमीच्या तीन-चतुर्थांश मापाच्या डबल बेसवर तारेची लांबी साधारण १०५ सेंटिमीटर असते. सर्वांत खालच्या जागी पहिल्या बोटापासून (तर्जनी) चौथ्या बोटापर्यंत (करंगळी) एक पूर्ण स्वर घ्यायचा, तर तिथे हाताला जवळजवळ ११ सेंटिमीटर पसरावे लागते. ३४ इंचांच्या तारेवर तेच अंतर ९ सेंटिमीटरच्याही आत बसते. पडदे नसलेल्या वाद्यावर सूर हा हाताला पडलेल्या वळणातून येतो, आणि चुकीच्या मापाचे वळण एकदा पडले की ते मोडणे नव्याने शिकण्यापेक्षा अवघड जाते. ज्याला केवळ आपल्या बँडमध्ये उभ्या बेसचा आवाज हवा आहे त्याने आखूड मापाचा बेस जरूर घ्यावा. १९६० च्या दशकात अँपेग या अमेरिकन कंपनीने काढलेल्या ‘बेबी बेस’ या इलेक्ट्रिक अपराइट बेसच्या ठसठशीत, चटकन विरणाऱ्या आवाजावर तर सॅल्सा या लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीताची अख्खी परंपरा उभी आहे. माझे उद्दिष्ट मात्र डबल बेस हे होते, म्हणून तो बेस मी सोडून दिला.

तेव्हापासून मी निकषांचा क्रमच उलटा केला. जे नंतर बदलता येत नाही ते आधी पाहायचे, म्हणजे तारेची लांबी, मान, फिंगरबोर्डचे (मानेवरच्या, तारा दाबायच्या पट्टीचे) लाकूड आणि त्याची वक्रता. पिकअप, तारा, प्रीअँप (अँपच्या आधी जोडायचा छोटा वर्धक) हे सगळे पुढे बदलता येते, म्हणून ते शेवटी. शिवाय जमवलेल्या पैशांतला एक चतुर्थांश भाग वाद्याच्या किमतीत धरायचाच नाही, असे ठरवले. डबल बेसच्या चांगल्या तारांचा एक संच स्वस्त वाद्याच्या मानाने बराच महाग असतो, हे तोवर मला कळले होते.

दुसरा बेस डबल बेसइतक्याच लांबीच्या तारांचा, नवा आणि माझ्या आवाक्यातला होता. फिंगरबोर्ड काळाभोर दिसत होता, पण कडेला, जिथे अंगठा टेकतो तिथे, रंग उडून खालचे फिकट लाकूड उघडे पडले होते. म्हणजे ते आबनूस, हे मुळातच काळे आणि कठीण लाकूड, नव्हते. सरांनी शिकवल्याप्रमाणे मी एक तार नटापाशी (मानेच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) आणि फिंगरबोर्डच्या टोकापाशी अशी एकाच वेळी दाबली आणि डोळा लाकडाच्या पातळीत आणून पाहिले. ताणलेली तार ही आपोआप सरळ पट्टीचे काम करते. फिंगरबोर्ड नीट तासलेला असेल तर मधोमध तार आणि लाकूड यांत एक-दोन मिलिमीटरची बारीक फट दिसायला हवी, कारण कंप पावणाऱ्या तारेला तेवढी मोकळीक लागते. इथे मान जिथे अंगाला मिळते त्या जागी तार चक्क लाकडावर टेकली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना उजेड दिसत होता. ते उंचवट्याचे लक्षण होते. मग वाजवून पाहिले, तर त्या उंचवट्याच्या अलीकडचा प्रत्येक स्वर खरखरत होता. घोडी (अंगावर तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा) उंच केली की खरखर जाईल, असे विक्रेत्याने सुचवले आणि ते खोटे नव्हते. मात्र तसे केल्यावर तारा इतक्या उंच गेल्या की पाच मिनिटांत मनगट भरून आले. फिंगरबोर्ड पुन्हा तासून घेता आला असता, पण मऊ लाकडावर तारांचे चर लवकर पडतात, आणि तो खर्च धरला तर ते वाद्य स्वस्त उरत नव्हते.

तिसरा बेस जुना, एका वादकाने वापरलेला होता. फिंगरबोर्ड आबनुसाचा होता आणि तारेखालची फट मधोमध सर्वांत जास्त आणि दोन्ही टोकांकडे एकसारखी मिटत गेलेली होती. सर्वांत बारीक ‘जी’ तारेवर हात वर नेत गेले, तेव्हा मानेच्या बुडाशी अंगठा अडकला त्या क्षणी पहिले बोट बरोबर ‘डी’ स्वरावर पडले; कित्येक डबल बेसवरही हीच खूण असते. गज घेऊन मधल्या दोन तारा एकेकट्या वाजवून पाहिल्या. घोडी जास्त सपाट असेल तर गज शेजारच्या तारेला लागतोच, पण इथे तो मोकळा फिरला. खाली तिपाईऐवजी एकच दांडी आणि गुडघ्याला टेकण्यासाठी एक लाकडी कमान होती, म्हणजे वाद्याचा तोल आपल्या अंगानेच सांभाळायचा, जसा डबल बेसचा सांभाळतात.

आवाज मात्र निराशाजनक निघाला. अँपला जोडल्यावर सर्वांत खर्जाची ‘ई’ तार दूरच्या टेलिफोनवरून ऐकू यावी तशी पातळ वाजत होती. दोन महिन्यांपूर्वी मी तिथूनच परत फिरले असते. आता कारण माहीत होते. घोडीखालचा पिएझो (दाबातून वीज निर्माण करणारा) पिकअप विद्युतदृष्ट्या एखाद्या कपॅसिटरसारखा वागतो, आणि पुढच्या उपकरणाचा इनपुट रोध कमी पडला की तो खर्ज गाळून टाकतो. समजा पिकअपची धारकता (कपॅसिटन्स) २ नॅनोफॅरड आहे आणि इनपुट १ मेगाओहमचा आहे, तर सुमारे ८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज पडू लागतो, आणि ‘ई’ तारेचा मूळ स्वर तर ४१ हर्ट्‌झचा आहे. इनपुट १० मेगाओहमचा केला की ती सीमा ८ हर्ट्‌झवर जाते. दुसऱ्या दिवशी तसा एक उसना प्रीअँप घेऊन गेले, मध्ये जोडला, आणि तोच बेस छातीत जाणवेल इतका खोल वाजला. व्यवहार त्याच संध्याकाळी झाला.

राखून ठेवलेले पैसे पुढच्या पंधरा दिवसांत संपले. त्यातून प्रीअँप घेतला, तारांचा नवा संच घेतला आणि जाणकाराकडून घोडी बसवून घेतली. फिंगरबोर्डच्या टोकाशी ‘जी’ तार ५ आणि ‘ई’ तार ८ मिलिमीटरवर आणली, नटातल्या खाचा थोड्या खोल केल्या, आणि हाताचा निम्मा शीण गेला. गजाचा आवाज अजून कोरडा येतो. वाद्य-रचनाकार नेड स्टाइनबर्गर यांच्या एनएस डिझाइन कंपनीच्या काही बेसवर तारेचे उभे आणि आडवे कंपन वेगळे टिपणारा पिकअप असतो आणि गजासाठी स्विच असतो. तशी सोय माझ्याकडे नाही, म्हणून गजाने वाजवताना मी ट्रेबल, म्हणजे आवाजातला तीव्र भाग, कमी करते.

तीन महिन्यांनी सरांनी त्यांचा डबल बेस माझ्या हाती दिला. डावा हात न बघता जागेवर पडत गेला. उजवा मात्र कमी पडला. अँप असल्यामुळे मी तार नुसती बोटाच्या टोकाने छेडत आले होते, आणि लाकडी पेटीला त्याने जागच येईना. तेव्हापासून मी हेडफोनचा आवाज मुद्दाम अर्ध्यावर ठेवते आणि बोटाचे पहिले पेर पूर्ण तारेवर टेकवून, हाताचे वजन देऊन वाजवते.