हायब्रिडची बॅटरी आणि आईची गोधडी

२०१९ ला मी २०१४ ची सेकंडहँड हायब्रिड सेडान (पेट्रोल इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची मोटर, दोन्ही असलेली) घेतली तेव्हा भेटेल तो एकच म्हणायचा, बॅटरी गेली की रडशील. चार वर्षं काहीही झालं नाही. ऑइल, फिल्टर, टायर, संपलं. ब्रेक पॅड तर लाखभर किमीला पण अर्धे शिल्लक, कारण ब्रेकवर पाय ठेवला की आधी मोटरच गाडी ओढून धरते आणि त्यातनं बॅटरी चार्ज होते, पॅडला काम उरतं ते अगदी शेवटी. लॉकडाऊनमध्ये एकदा गाडी चालूच होईना, पण ती साधी १२ व्होल्टची बॅटरी बसलेली, मोठी नव्हे.

मग २०२३ चा मे, साताऱ्याला निघालो होतो, खंबाटकी चढताना मागनं हेअर ड्रायरसारखा आवाज सुरू, डॅशबोर्डवर बॅटरीच्या चार्जच्या दांड्या सरसर दोनवर आणि थोड्या वेळात आपोआप फुल, आणि घाट संपता संपता धोक्याचा लाल त्रिकोण. मागनं आई, "काय रे, मागे पंखा लावलायस का?"

सर्व्हिस सेंटरला एररचा कोड निघाला पी०ए८०, म्हणजे मोठी बॅटरी खराब. "सर, पूर्ण पॅक बदलावा लागेल." पावणेतीन लाख! उघडून बघितलं का विचारलं तर म्हणे आम्ही उघडत नाही. ह्याचा राग मला अजून आहे.

ओळखीतनं एक मिस्त्री मिळाले. त्यांनी रबरी हातमोजे घालून मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा केशरी सर्व्हिस प्लग उपटला, सरळ खिशात टाकला (चुकून कुणी परत लावायला नको), आणि नुसते चहा पीत बसले. म्हटलं काय झालं, तर म्हणे इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, ते रिकामे व्हायला दहा मिनिटं द्यायची. मग सीट काढली. सीटच्या कडेला एक जाळी असते, तिथनं बॅटरीचा पंखा केबिनमधली गार हवा ओढतो, आणि नेमकी त्याच जाळीवर आईची गोधडी टाकलेली असायची, चार वर्षं. पंखा बाहेर काढला तर पात्यांवर धाग्यांचा आणि धुळीचा राखाडी थर, नखानं उचकला तर अख्खा कापडासारखा सुटून हातात आला. मिस्त्री म्हणाले, "साहेब, नाक दाबून पळवलीत हो हिला."

मोठी बॅटरी म्हणजे आत ओळीनं जोडलेल्या छोट्या बॅटऱ्या, त्यांना मॉड्यूल म्हणतात, ही निकेल मेटल हायड्राइडची, एकेक ७.२ व्होल्टचं. हेडलाइटचा बल्ब लोड म्हणून लावून त्यांनी एकेक तपासलं, बाकीची टिकली, मधली दोन धपकन सहा व्होल्टच्या घरात. मधलीच आधी जातात, कडेच्यांना निदान थोडी हवा लागते. जोडपट्ट्यांवर हिरवट गंज होता तो घासून काढला. दोन जुनी पण बरी मॉड्यूल घातली, मजुरीसकट १८ हजार, आणि आधीच बजावलं, "बाकीची पण म्हातारीच आहेत, वर्षभर धरा."

अकरा महिने चालली, मग तिसरं गेलं. तेव्हा मात्र सगळा सेट नवीन घातला, सव्वा लाख गेले. बायको म्हणते ते १८ हजार पाण्यात, मला तसं वाटत नाही, पंखा न बघता नवीन पॅक घातला असता तर तोही तसाच भाजला असता.

आता पंखा दर दिवाळीला मीच काढून ब्रशने साफ करतो, अर्धा तास लागतो, क्लिपा तेवढ्या जपून. मायलेज परत १७ च्या आसपास आलंय. गोधडी आई पायावर घेते, एसी लागतो म्हणे.